स्टेअरिंग जड, बॅटरी बसलेली: दुखणी दोन की एक?

“नवी बॅटरी टाकून दोन महिने झाले नाहीत, तरी सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. त्यात आता स्टेअरिंगही जड लागायला लागलंय. दोन्ही एकदम कसं रे बिघडलं?”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला पार्किंगमध्ये गाठून हे विचारलं, तेव्हा ते दोन गॅरेजं फिरून आलेले होते. पहिल्याने बॅटरी बदलली होती. दुसऱ्याने स्टेअरिंगचा अख्खा रॅक बदलायला सांगितला होता, आणि त्या खर्चाचा कागद काकांच्या हातात होता. गाडी सात वर्षांची, पेट्रोलवरची, छोटी. तिच्यात दोषी कोण निघालं ते शेवटी येईल. आधी तिथवर पोचायची वाट बघू, कारण तुमच्याही गाडीला त्याच वाटेने जावं लागणार आहे.

१. पहिला प्रश्न: केव्हा?

पोटात दुखतंय म्हटल्यावर चांगला वैद्य लगेच पुडी बांधत नाही. जेवणाआधी दुखतं की नंतर, रात्री की पहाटे, हे तो विचारून घेतो. गाडीचंही तसंच आहे. ‘स्टेअरिंग जड झालंय’ एवढ्या तक्रारीमागे डझनभर कारणं असू शकतात. पण ‘गाडी उभी असताना, एसी आणि हेडलाइट चालू असताना जड होतं, रस्त्याला लागलं की ठीक’ एवढं सांगितलंत, तर त्यातली दोनतीनच उरतात. म्हणून गॅरेजला जायच्या आधी दोन दिवस लक्ष ठेवा. इंजिन थंड असताना की गरम? वळताना की ब्रेक दाबताना? पाऊस पडून गेल्यावर की रोज? हे कागदावर लिहून नेलंत तर मिस्त्री आधी हसेल आणि मग तो कागद मागून घेईल.

२. गच्चीवरची टाकी

बॅटरी समजून घ्यायची तर सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे बॅटरी. तिच्यात पाणी चढवणारा पंप म्हणजे अल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री अजून ‘डायनामो’च म्हणतात. तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, नळातून येणारी धार म्हणजे अँपिअर, आणि टाकीत मावणारं पाणी म्हणजे अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे ढोबळ हिशेबाने १ अँपिअरची धार ३५ तास चालेल.

आत काय घडतं? शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल, बस. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हा जोड जमवला आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. वीज देताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना हीच क्रिया उलटी फिरते. मात्र बॅटरी बरेच दिवस अर्धवट रिकामी राहिली, तर तो थर घट्ट खड्यासारखा होतो आणि मग सुटत नाही. टाकीच्या तळाशी गाळ साचून घट्ट झाला तर टाकी दिसते तेवढीच, पण पाणी कमी मावतं, तसंच हे.

आता एक हिशेब. गाडी सुरू करणारी मोटर, म्हणजे आपला ‘सेल्फ’, चांगला दीडशे अँपिअर ओढते. ऐकून छाती दडपते, पण ती ओढते किती वेळ? दोन सेकंद. १५० गुणिले २ भागिले ३६०० केलं की येतात ०.०८ अँपिअर-तास. ३५ च्या टाकीतला हा पाव टक्काही नाही! म्हणजे वारंवार सेल्फ मारल्याने चांगली बॅटरी सहजी रिकामी होत नाही. तिला मारतात ते अर्धपोटी राहणं, न दिसणारी गळती आणि ऊन. विदर्भातल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली तापलेली बॅटरी आतून झपाट्याने झिजते. टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाची तक्रार वेगळी असते. तिथल्या थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि नेमकं तेव्हाच इंजिनमधलं ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी तिथे हिवाळ्यात उघडी पडते.

३. किल्ली फिरवल्यावर कान द्या

हे काम फुकट होतं, आणि निम्मं निदान इथेच लागतं. गाडीच्या आतला, छतावरचा छोटा दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत किल्ली फिरवा.

भराभर कट-कट-कट-कट आवाज आला आणि दिवा मंदावला, तर टाकीत पाणी नाही किंवा पाइप तुंबलाय. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलचा सांधा खराब आहे. एकच जाड ‘टक्’ आणि दिवा तसाच लख्ख, तर संशय सेल्फवर. सेल्फ झोकात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्क बघा. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र झगझगीत? आधी क्लच पूर्ण दाबलाय का ते बघा. बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फला वीजच देत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर हवा. यापायी टोइंगची गाडी बोलावलेले लोक मी पाहिले आहेत. नावं सांगत नाही.

आणि किल्लीच फिरत नसेल, स्टेअरिंगही जाम असेल, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं. चोरीपासून बचाव म्हणून किल्ली काढल्यावर स्टेअरिंगला आत खिटी बसते. स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवली की सुटतं.

४. मीटरचे तीन आकडे

काहीशे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर घरात असू द्या. तो डीसी २० व्होल्टवर लावायचा, लाल टोक बॅटरीच्या अधिकला, काळं उणेला.

पहिला आकडा सकाळचा, रात्रभर गाडी उभी राहिल्यावरचा. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर आकडा फसवा फुगलेला दिसतो, म्हणून सकाळ. बॅटरीत २.१ व्होल्टची सहा घरं असतात, तेव्हा भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गंमत बघा, भरलेली आणि रिकामी यांच्यात एका व्होल्टचाही फरक नाही. म्हणून ‘मीटरवर बारा दाखवतंय, बॅटरी ठीक आहे’ असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा बघा. तो खाली जाणारच, पण दहाच्या जवळपास टिकला पाहिजे. सकाळी १२.५ आणि सेल्फ मारताना धाडकन ७, तर बॅटरी आतून संपलीय. टाकी दिसायला भरलेली, पण आत गाळच.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर पंप ठीक चाललाय. आकडा १२.४ वरच रेंगाळत खाली सरकत असेल, तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, नवी बॅटरीही दोन दिवसांत बसेल. १५ च्या वर गेला तर उलटा धोका, बॅटरी उकळते. काही नव्या गाड्यांत मात्र पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमीजास्त केलं जातं. तिथे एकदा बघून निकाल देऊ नये, हेडलाइट लावून पुन्हा बघावं.

इथेच डॅशबोर्डवरच्या लाल बॅटरीच्या खुणेबद्दल सांगून टाकतो. चालत्या गाडीत ती पेटली, तर तिचा अर्थ ‘बॅटरी खराब’ असा नाही. तिचा अर्थ ‘पंप बंद पडला, आता टाकीतल्या पाण्यावर चाललंय’. एसी, पंखा, म्युझिक बंद करा आणि पुढचं गॅरेज गाठा.

एक कळकळीची सूचना. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि ‘बघा, बंद पडली नाही, डायनामो चांगला आहे’ म्हणायचं, ही जुन्या मिस्त्रींची आवडती परीक्षा. फियाट-अँबेसिडरच्या जमान्यात ती खपून गेली. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि महागडे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. कुणी पाना घेऊन तिकडे वळला, तर हात धरा.

५. रात्रीचा चोर

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की मेलेली. मग कुठेतरी नळ ठिबकतोय. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, अलार्म थोडी वीज घेतात. तीसपन्नास मिलिअँपिअर असेल तर ती मान्य आहे. हिशेब करू. ५० मिलिअँपिअर म्हणजे ०.०५ अँपिअर. ३५ भागिले ०.०५, आले ७०० तास, म्हणजे २९ दिवस. सेल्फ त्याआधीच हार मानेल. म्हणून महिनाभर गावाला जाताना उणे टर्मिनल काढून ठेवणारे लोक शहाणे.

आता डिकीतला ५ वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही विझत नाही असं धरा. ५ भागिले १२, म्हणजे ०.४ अँपिअर. ३५ भागिले ०.४, साधारण ८७ तास. साडेतीन दिवसांत टाकी कोरडी. असा दिवा आहे का हे कसं कळेल? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि झाकण लावा. नंतर बसवलेले कॅमेरे, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे संशयित. इलेक्ट्रिशियन मीटर जोडून एकेक फ्यूज काढत जातो. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर.

६. हातांना काय कळतं

आता स्टेअरिंग. इथे मीटरचं काम नाही, तळहात आणि कान पुरेत.

गाडी जड लागली की सगळ्यात आधी, बॉनेट उघडायच्याही आधी, टायरमधली हवा बघायची. पुढच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. हवा कमी झाली की तो पसरतो आणि फिरवायला जास्त जोर लागतो. एकाच बाजूची हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. निम्म्या तक्रारी हवेवर मिटतात असं माझं मत आहे, आणि हवा भरणारा त्याचे पाच-दहा रुपये घेतो.

हवा ठीक असूनही गाडी ओढत असेल, तर आधी रस्त्यावर संशय घ्या. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. डावीकडून चालणारी प्रत्येक गाडी किंचित डावीकडे सरकतेच. सपाट मोकळ्या जागेवर बघा. तिथेही ओढली, तर पुढची दोन टायरं अदलाबदल करून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर नको). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर अलाइनमेंट. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर अलाइनमेंटवर पैसे घालवू नका, एका चाकाचा ब्रेक अडकतोय.

थरथरीचंही असंच ‘केव्हा’ आहे. ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, वेग बदलला की शांत होतं, तर चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय. वॉशिंग मशीनमध्ये सगळे ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ते एका ठरावीक वेगाला नाचायला लागतं, तसंच हे. ब्रेक दाबल्यावरच थरथर, तर डिस्क सरळ राहिलेली नाही.

आवाज ऐका. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना कट-कट-कट, तर सीव्ही जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं का, वाकून बघा. खड्ड्यात गेल्यावर ठक्, तर लिंक रॉड, बॉल जॉइंट, बुश यांपैकी कुणीतरी झिजलंय. आपल्या रस्त्यांवर हे भाग टिकतात हेच नवल.

आणि ‘प्ले’. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना स्टेअरिंग बोटभर डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्याला पुढच्या चाकाकडे बघायला सांगा. स्टेअरिंग फिरतंय आणि चाक ढिम्म, असं बऱ्याच अंतरापर्यंत होत असेल, तर टाय रॉड एंड किंवा रॅकमध्ये सैलपणा आलाय. या एका बाबतीत मी कुणालाही थांबायला सांगत नाही. जड स्टेअरिंगने दंड दुखतील, सैल स्टेअरिंगने घाटात प्राण जाईल. त्याच दिवशी दाखवा.

७. दोघं एकाच दावणीला

इथवर बॅटरी आणि स्टेअरिंग वेगवेगळी चालली. ती भेटतात कुठे, हे पाहायचं तर पॉवर स्टेअरिंगची मदत कुठून येते ते बघावं लागेल.

आधीची पद्धत तेलाची. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करतो. अमेरिकेत १९५१ मध्ये क्राइसलर कंपनीने अशी गाडी बाजारात आणली. या पद्धतीत तेल कमी झालं की वळताना कण्हल्यासारखा आवाज येतो. गंमत अशी, की तेलाचा पंप आणि अल्टरनेटर अनेक गाड्यांत एकाच बेल्टवर असतात. पावसात बॉनेटमधून चिरकणारा आवाज, बॅटरीची खूण पेटलेली आणि स्टेअरिंग जड, हे तिन्ही एकदम झालं तर बॅटरी आणि स्टेअरिंग दोघंही निर्दोष आहेत. बेल्ट घसरतोय किंवा तुटलाय. काही गाड्यांत कूलंटचा पंपही त्याच बेल्टवर असतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा आणि तो चढायच्या आत गाडी बाजूला घ्या.

दुसरी पद्धत विजेची. सुझुकीने जपानमध्ये १९८८ साली आपल्या सर्व्हो या छोट्या गाडीला तेलाऐवजी विजेची मोटर लावली. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच आहे. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक, किंचित पिळणारी सळई असते. तुम्ही किती जोर लावताय हे तिच्या पिळावरून कळतं आणि त्या मापात मोटर हात देते. गाडी पळत असताना ही मोटर फारशी वीज खात नाही. पण पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण वळवलंत, तर ती क्षणभर ४०-५० अँपिअर मागू शकते. तेव्हाच हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू असेल आणि इंजिन आयडलिंगला असेल, तर अल्टरनेटर पुरा पडत नाही. उरलेली वीज बॅटरीने द्यायची असते. ती देऊ शकली नाही तर व्होल्टेज पडतं. मग स्टेअरिंगचा कंट्रोलर मदत बंद करतो आणि स्टेअरिंगची खूण पेटवतो.

मदत गेली म्हणजे स्टेअरिंग गेलं असं नाही. दांडा चाकांना जोडलेलाच असतो. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या आपण वर्षानुवर्षं चालवल्याच की. दोन्ही हातांनी घट्ट धरून, सावकाश, गाडी कडेला घेता येते. घाबरून स्टेअरिंग सोडू नये आणि चालत्या गाडीत किल्ली काढू नये.

बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर काही गाड्यांत स्टेअरिंगची खूण थोडा वेळ पेटलेली राहते. इंजिन चालू करून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं, की गाडीला आपला मध्य सापडतो आणि खूण विझते. तुमच्या गाडीचं नेमकं काय ते तिच्या पुस्तिकेत असतं.

८. काकांची गाडी

आता काकांना मी ‘केव्हा’ विचारलं. स्टेअरिंग जड होतं ते फक्त पार्किंगमध्ये, संध्याकाळी, एसी आणि दिवे चालू असताना. महामार्गावर कधीच नाही. हवा बरोबर होती. वळताना ना आवाज, ना प्ले. म्हणजे रॅकवर संशय घ्यायला काहीच आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला: १२.५. बॅटरी ठीक. इंजिन चालू केल्यावर १४.२. चार्जिंग ठीक. पण सेल्फ मात्र दमल्यासारखा फिरत होता. टाकी भरलेली, पंप चालू, आणि नळाला धार नाही. मग मधल्या पाइपाकडेच बघायला हवं.

इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. सांध्यावर अगदी थोडा अडथळा आहे असं धरा, ०.०१५ ओहम. आतल्या छोट्या दिव्याला ०.४ अँपिअर लागतात. दोन्हींचा गुणाकार ०.००६ व्होल्ट, दिव्याला फरकही कळत नाही. सेल्फला १५० लागतात. १५० गुणिले ०.०१५, म्हणजे सव्वादोन व्होल्ट सांध्यातच संपले. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सेल्फ कण्हतो.

मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूच्या शिशाच्या खुंटीवर टेकवलं आणि दुसरं त्याच खुंटीला कवटाळणाऱ्या टर्मिनलवर. दोन टोकांत जेमतेम नखाएवढं अंतर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं.

“मारा सेल्फ, काका.”

आकडा १.९ वर गेला.

बॅटरी बदलताना जुनं टर्मिनल न घासता तसंच चढवलं होतं आणि बोल्ट पुरता आवळला नव्हता. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं, पण बोटांनी धरून फिरवलं तर टर्मिनल खुंटीवर फिरत होतं. असा सैल सांधा एका मापाचा अडथळा नसतो. आयडलिंगच्या थरथरीत तो क्षणाक्षणाला बदलतो, आणि संध्याकाळच्या पार्किंगमध्ये स्टेअरिंगला बॅटरीकडून उसनी वीज हवी असायची नेमकी तेव्हाच तो दगा द्यायचा.

गाडी बंद केली. उणे टर्मिनल काढलं, खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासली. अधिकच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट पूड जमायला लागली होती. ते काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि कोरडं केलं. जोडताना आधी अधिक, शेवटी उणे. काढताना याच्या उलट. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. एकूण साहित्य: दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, सोडा.

किल्ली फिरवली तर अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. काकांनी एसी लावला, हेडलाइट लावले, उभ्या उभ्या स्टेअरिंग इकडून तिकडे गरागरा फिरवलं. मग रॅकच्या खर्चाचा तो कागद खिशातून काढला, त्याची नीट घडी घातली आणि ऑइलची पट्टी पुसायला म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला.